धारेला तळ नसतो

१. मिलिंगवर हात बसलेल्या माणसाला वाटतं, कटर खाली नेला की खोली मिळाली. वॉटरजेटचं नोझल पत्र्याच्या वरच राहतं आणि धारेला टोकच नसतं. खोली ठरते ती धार एका जागी किती रेंगाळली यावर. आरपार कापणं त्यामुळे सोपं. अर्धा मिलिमीटर खोल चर काढून तिथेच थांबायचं म्हटलं, की माझ्या अनुभवाची सगळी ऐट उतरते.

२. कापतं ते पाणी नव्हेच. पाहुण्यांसमोर मीही ‘पाण्याने स्टील कापतो’ म्हणून भाव खातो. पण सुमारे ४००० बार दाबाने सुटलेलं पाणी इथे निव्वळ हमाल. खरं काम गार्नेट या कठीण खनिजाच्या कणांचं. १९८०च्या सुमारास मोहम्मद हशीश यांनी अमेरिकेत धारेत अपघर्षक कण मिसळले, तेव्हा कुठे धातूची पाळी आली.

३. वळण आलं की चर खोल होतो. कोपऱ्यावर मशीन वेग कमी करतं, धार मात्र खोदतच राहते. नागमोडी चॅनेलचं ड्रॉइंग बघायला छान. जॉब उतरवून प्रत्येक वळणाला बोट लावा, खळगा लागतो. म्हणून आता वळणं मोठ्या त्रिज्येची मागून घेतो, आणि एका संथ फेरीऐवजी भराभर अनेक फेऱ्या मारतो. सरळ चरांना आणखी एक युक्ती आहे: कडेला मास्कचा पत्रा ठेवायचा आणि धार माघारी वळवायची ती त्याच्यावर.

४. बारीक कामाचा खरा शत्रू बारीक गार्नेटच. नोझलच्या नळीचं भोक ०.३ मिलिमीटर, तर कण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून लहान हवा, नाहीतर अडकलाच. नेहमीचा जाडसर ८० मेश इथे बाद. बारीक २४० मेश घ्यावा, तर तो धड ओघळत नाही, आणि ओल वर चढली की फीडच्या नळीत चिखल. गार्नेट थांबतं, पाणी चालूच, चर मध्येच संपतो. आमचा ऑपरेटर स्क्रीनकडे बघतसुद्धा नाही. आवाज जरा बदलला की पान्याच्या दांड्याने नळीवर टिचकी मारतो. अजून तरी याहून बरा सेन्सर मला मिळालेला नाही.

५. धातू तापत नाही, ही जाहिरात खरी आहे. टायटॅनियमचा रंग बदलत नाही. भिंगाखाली मात्र तळाशी रुतलेले गार्नेटचे तुकडे दिसतात, आणि ड्रॉइंगमधला चौकोनी चर गोलट निघालेला असतो. त्यामुळे ड्रॉइंग घेऊन येणाऱ्या इंजिनीअरला मी आधी विचारतो, “तळ सपाटच हवाय का?” बहुतेक वेळा तो फोन काढून साहेबांना विचारतो.