वास दाबू नकोस, शोध

गोंदिया

चि. भाच्यास,

ताईचा फोन आला होता. बटेरांची अंडी उबवायच्या मशीनचा वास पार माजघरात येतो आणि तू त्याच्यासमोर अगरबत्ती लावून ठेवतोस, असं म्हणत होती. हे म्हणजे दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला! मशीनचा पंखा तो धूर आत ओढतो. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात आणि आतला जीव त्यांतूनच हवा घेतो. फिनाइल तर जवळही आणू नकोस. थर्माकोलच्या पेटीत त्याचा वास एकदा मुरला की निघत नाही.

आधी वास कसला ते ओळख. केस जळाल्यासारखा आला तर मागच्या वेळच्या पिल्लांची लव बल्बला किंवा हीटरला चिकटली आहे. कुबट आला तर पाण्याचं भांडं बघ. सडका वास मात्र अंड्याचाच. बटेराचं अंडं जेमतेम दहा-बारा ग्रॅमचं, वर काळे-तपकिरी ठिपके, त्यामुळे टॉर्च लावूनही कोंबडीच्या अंड्यासारखं आतलं स्पष्ट दिसत नाही. इथे नाकच कामाला येतं. चौदाव्या दिवशी फिरवणं थांबवून अंडी खालच्या जाळीवर घेशील, तेव्हा एकेक नाकाशी धर. ज्याचं कवच राखाडी पडलंय, ज्यावर घामासारखा चिकट थेंब आलाय, ते जोरात हलवू नकोस. आत वायू कोंडलेला असतो. चमच्याने अलगद उचल, पिशवीत घाल, गाठ मार आणि बाहेर ने. ते मशीनमध्ये फुटलं तर शेजारच्या सगळ्या अंड्यांवर जंतूंचा सडा पडतो, आणि मग पिल्लं निघाली तरी बेंबी सुजून मरतात.

पण सडण्याचं मूळ मशीनमध्ये नसतं, पिंजऱ्यात असतं. विष्ठेने माखलेलं, तडकलेलं अंडं तू लावतोस आणि त्याला साडेसदतीस अंश ऊब देतोस. ती पिल्लाला मानवते, तशी जंतूंनाही. माखलेलं अंडं धुऊन लावू, असंही मनात आणू नकोस. कवचावरचा नैसर्गिक लेप धुण्याने जातो, आणि पाणी गार असेल तर अंडं आतून आकसतं व घाण छिद्रांतून आत ओढून घेतं. अशी अंडी बाजूला काढ. स्वच्छ तेवढीच लाव, आठवड्याच्या आतली. दिवसातून दोनदा गोळा केलीस तर माखणारच कमी. अंडी तणसात ठेवायची आपल्याकडची सवयही सोड. ओलसर तणसात बुरशी असते, आणि ती पिल्लांच्या फुप्फुसात जाते.

पावसाळ्यात आपल्या भागातली हवा आधीच ओली. तेव्हा भांडी काठोकाठ भरू नकोस. पहिले चौदा दिवस आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास पुरे, पुढे सत्तर. ती वाढवायला हवेची भोकं बुजवतात काही लोक, ते चूक. कोंडलेल्या हवेत पिल्लं गुदमरतात आणि वासही तिथेच फिरत राहतो. मे महिन्यात तर अंडी लावूच नकोस, असं माझं मत. खोलीच चाळीसच्या वर गेली तर मशीन काय करणार? त्याला तापवता येतं, गार करता येत नाही.

सतराव्या-अठराव्या दिवशी पिल्लं निघाली की खरं काम, म्हणजे मशीनची सफाई. त्याच दिवशी कर, वाळलं की खरवडावं लागतं. प्लग काढ. टरफलं आणि लव आधी कोरडीच उचल, पंख्याची पाती मऊ ब्रशने झाड. ट्रे, जाळी, भांडी साबणाच्या कोमट पाण्याने घास. जंतुनाशक त्यानंतर, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. घाणीवर ओतलेलं औषध घाणच पिऊन टाकते. सेन्सर आणि तारांना पाणी लागू देऊ नकोस. मग सगळं कडक उन्हात टाक. ऊन फुकट आहे आणि आपल्याकडे त्याचा तुटवडा नाही.

फॉर्मालिनचं विचारलं होतंस. मोठ्या हॅचरीत शंभर घनफुटांना चाळीस मिली फॉर्मालिन आणि वीस ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट वापरतात, पण बंद खोलीत आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. त्यातून निघणारा वायू डोळे-फुप्फुसं जाळतो आणि कर्करोगालाही कारण ठरतो. तुझं मशीन पडवीत आहे, शेजारी ताई झोपते. तुझ्या पन्नास अंड्यांसाठी हा उपद्व्याप नको. आणि जंतुनाशक म्हणून ब्लीच वापरलंस, तर त्यात दुसरं काहीही मिसळू नकोस, व्हिनेगरसुद्धा नाही.

तुला हे सगळं करावं लागतं, कारण हा पक्षी स्वतः अंड्यांवर बसायचंच जवळजवळ विसरलाय. 1974 मध्ये अमेरिकेतून इज्जतनगरला आणला तो हाच जपानी बटेर, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला. आपल्या धानाच्या बांध्यांतला लावा वेगळा. त्याला धरणं गुन्हा आहे, हे मित्रांनाही सांग.

खराब अंडी आणि टरफलं उकिरड्यावर फेकू नकोस, कुत्री पसरवतात. परसात हातभर खड्डा कर, वरून चुना टाक. पुढची अंडी लावण्याआधी मशीन एक दिवस रिकामं चालव, झाकण उघडून वास घे, आणि मला फोन कर.

तुझा मामा