बोली, मुद्रक आणि शब्दसूची : किलमारनॉकचे उदाहरण

प्रास्ताविक

बोलीतील रचना ग्रंथरूप कशी घेते, हा प्रश्न केवळ कवीच्या प्रतिभेचा नाही. त्यात मुद्रक, विक्रेता आणि वाचक यांचाही वाटा असतो. अठराव्या शतकातील स्कॉटलंडमध्ये हे स्पष्ट दिसते.

मुद्रक आणि शेतकरी कवी

जॉन विल्सन हा किलमारनॉक या गावचा मुद्रक व ग्रंथविक्रेता होता. त्याच परिसरात मॉसगील येथे रॉबर्ट बर्न्स आपल्या भावासह खंडाने शेती करीत असे. पदरात पैसा नसलेल्या या कवीचा संग्रह छापणे जोखमीचे होते. म्हणून १७८६ च्या एप्रिलमध्ये विल्सनने नोंदणीपत्रके छापली आणि ग्राहकांची नावे गोळा झाल्यावर ३१ जुलै रोजी संग्रह प्रकाशित झाला. प्रती ६१२, किंमत तीन शिलिंग. महिन्याभरात बहुतेक प्रती संपल्या.

दोन याद्या

त्या काळी एडिंबरोतील सुशिक्षित वर्ग लेखनातून स्कॉट शब्द कटाक्षाने टाळत असे. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने तर अशा शब्दप्रयोगांची यादीच छापली होती. बर्न्सच्या संग्रहाच्या शेवटीही स्कॉट शब्दांची यादी आहे. मात्र पहिल्या यादीतील शब्द टाळण्यासाठी दिलेले आहेत, तर दुसरीतील समजून घेण्यासाठी. यादी हे रूप एकच. भाषेकडे पाहण्याची दृष्टी मात्र परस्परविरोधी.

विस्तार

दुसऱ्या आवृत्तीसाठी विल्सनने कागदाचा खर्च आगाऊ मागितला. तो बर्न्सच्या आवाक्याबाहेरचा होता. पुढे १७८७ मध्ये एडिंबरोत ग्रंथविक्रेता विल्यम क्रीच याने नवी आवृत्ती काढली. ती विल्यम स्मेली याने छापली. या आवृत्तीत शब्दसूची बरीच वाढली, कारण आता वाचक दूरदूरचे होते.

सारांश

शब्दसूची म्हणजे बोलीच्या उणिवेची कबुली नव्हे. बोलीचा ग्रंथ आपल्या मुलखाबाहेर किती दूर पोहोचू पाहतो, याची ती खूण आहे. विल्सनने पहिली जोखीम पत्करली नसती, तर हा प्रवास कदाचित सुरूच झाला नसता.

आपली प्रगती तपासा

१. ह्यूमची यादी आणि बर्न्सची शब्दसूची यांतील भेद स्पष्ट करा.
२. तुमच्या परिसरातील बोलीचे दहा शब्द निवडून त्यांची शब्दसूची तयार करा. ती कोणत्या वाचकासाठी आहे, तेही लिहा.