शेतमालाचा पैसा ठेवावा कोठे ?

मालाची विक्री होऊन पट्टीचा पैसा हाती आला की, तो कोठे ठेवावा हा प्रश्न शेतकऱ्यापुढे उभा राहतो. तालुक्याच्या गावी बहुधा राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, नागरी सहकारी बँक व एखाददुसरी पतसंस्था जवळजवळच असतात. बाहेरून त्या सारख्याच दिसतात. परंतु ठेवीच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यांच्यात मोठा भेद आहे. तो पैसे भरण्यापूर्वीच जाणून घेणे इष्ट होय.

वरीलपैकी तिन्ही प्रकारच्या बँकांवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण असते व त्यांतील ठेवींचा विमा उतरविलेला असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून या विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख रुपये करण्यात आली. ही मर्यादा मुद्दल व व्याज मिळून आहे, आणि एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील एका व्यक्तीच्या ठेवी एकत्र धरल्या जातात. म्हणून मोठी रक्कम दोन शाखांत नव्हे, तर दोन बँकांत विभागून ठेवावी.

पतसंस्थेची गोष्ट वेगळी. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये नोंदलेली असते. एकाहून अधिक राज्यांत काम करणारी संस्था केंद्रीय निबंधकाकडे नोंदलेली असते. तेथील ठेवींना वरील विम्याचे संरक्षण नाही. गावच्या विविध कार्यकारी सेवा संस्थेतील ठेवींनाही ते लागू नाही. पीककर्जासाठी मात्र ही संस्था शेतकऱ्याच्या सर्वांत जवळची होय.

याचा अर्थ पतसंस्था त्याज्य आहे असा नव्हे. अडीनडीला लहान कर्ज तत्परतेने देणाऱ्या पतसंस्था पुष्कळ आहेत. तथापि केवळ व्याजाचा दर अधिक म्हणून तेथे ठेव ठेवू नये. प्रथम संस्थेचा वार्षिक अहवाल मागून घ्यावा. लेखापरीक्षणात कोणता वर्ग मिळाला, थकबाकी वाढते आहे की घटते आहे, वार्षिक सभा वेळेवर भरते की नाही, हे पाहावे. अहवाल दाखविण्यास टाळाटाळ होत असेल, तर तेथे पैसा ठेवू नये. राज्यात नोंदलेल्या संस्थेविषयी तालुक्याच्या सहकार निबंधक कार्यालयात चौकशी करता येते.

खाते उघडताना वारसाचे नाव नोंदवावे. दैनिक ठेव गोळा करणाऱ्या प्रतिनिधीकडून पावती त्याच वेळी घ्यावी व पासबुकातील नोंद नियमितपणे पडताळून पाहावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तालुक्यातील बँका व पतसंस्था यांची दोन स्वतंत्र रकान्यांची यादी करून ती पंचायतीच्या फलकावर लावावी. कोणती ठेव विम्याने संरक्षित आहे व कोणती नाही, हे त्या यादीवरून शेतकऱ्यास सुगीचा पैसा हाती येण्यापूर्वीच कळेल.