तुटलेल्या बोल्टची साक्ष

लखनौच्या चारबाग स्थानकाचे घुमट आणि छत्र्या पाहून नवखा प्रवासी थबकतो. परंतु या इमारतीहून जुना आहे तो जवळचा रेल्वे-इंजिनांच्या दुरुस्तीचा कारखाना. तो १८६७ सालचा. स्थानकाची पायाभरणी झाली ती १९१४ साली. जेथे यंत्रे उघडली जातात तेथे बोल्ट तुटणे हे नित्याचेच. स्थानकाबाहेरच्या रस्त्यावर धावणाऱ्या बस, जीप आणि मालमोटारी यांनाही ते चुकत नाही. क्लचच्या दुरुस्तीत मात्र हा प्रसंग विशेष अडचणीचा ठरतो. गिअरबॉक्स उतरवून ठेवलेला असतो, गाडीचा धनी रोजगार बुडतो म्हणून ताटकळत असतो, आणि फ्लायव्हीलच्या भोकात बोटाच्या पेराएवढा पोलादी तुकडा रुतून बसलेला असतो. तो नीट निघाला तर काम तासाभराचे. भोक बिघडले तर सबंध फ्लायव्हील बदलण्याची पाळी येते.

अशा वेळी हात आपसूक ड्रिलकडे जातो. तो आवरावा आणि बोल्ट का तुटला हे आधी पाहावे, कारण तुकडा कसा निघेल हे त्यावरच अवलंबून असते.

कोरड्या, एका थाळीच्या क्लचमध्ये प्रेशर प्लेटचे झाकण बहुधा सहा किंवा अधिक बोल्टांनी फ्लायव्हीलवर आवळलेले असते. झाकणाच्या आत दबलेली स्प्रिंग असते व ती झाकणाला सतत बाहेर रेटत असते. एकेक बोल्ट पुरता काढत गेल्यास हा सारा रेटा उरलेल्या बोल्टांवर येतो. शेवटचा बोल्ट वाकतो आणि पान्हा फिरताच मान टाकतो. म्हणून समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, प्रत्येक खेपेस अर्धाच फेरा, सैल करीत जावे. घाईत हा नियम हमखास मोडला जातो.

दुसरे कारण गंज. आट्यांत गंज धरला की बोल्ट भोकाशी जणू एकजीव होतो. पान्ह्याचा पीळ डोक्याला बसतो, खालचा भाग हलत नाही, आणि मधला दांडा पिळवटून तुटतो. हा तुकडा सर्वांत हट्टी.

तिसरा प्रकार याच्या उलट. पान्ह्यावर लावलेल्या जोराचे शंभर भाग कल्पिले, तर सुमारे नव्वद भाग डोक्याखालच्या व आट्यांतल्या घर्षणात जातात. बोल्टला ताणून धरण्याच्या कामी जेमतेम दहा येतात. आवळताना बोल्ट अतिताणाने तुटला असेल, तर डोके उडताक्षणीच तो ताण संपतो व डोक्याखालचे घर्षणही नाहीसे होते. उरलेला तुकडा मग पुष्कळदा अणकुचीदार सुईने ढकलला तरी फिरू लागतो. येथे ड्रिल चालवणे म्हणजे उघड्या दाराला धडक देणे होय.

चौथे कारण मागे कधीतरी घडलेले असते. बोल्ट सैल राहिला की प्रत्येक धक्क्यासरशी तो किंचित वाकतो आणि सरळ होतो. अशा पुनःपुन्हा येणाऱ्या भाराने धातू थकतो, हे जर्मन रेल्वे-अभियंता आउगुस्ट वोलर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगगाडीच्या आसांवर प्रयोग करून दाखविले. थकव्याची खूण तुटलेल्या तोंडावर दिसते: एक भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावरच्यासारख्या वळणदार रेषा, आणि उरलेला भाग खडबडीत. अशी खूण दिसली तर शेजारचे बोल्टही तितकेच थकलेले समजावेत.

आता तुकड्याकडे वळू. प्रथम भोक आरपार आहे का, हे फ्लायव्हीलच्या मागून पाहावे. तसे असल्यास पुढून मागे फिरवतही तुकडा बाहेर काढता येतो. गंजलेल्या तुकड्यावर गंज सुटण्याचे तेल सोडून काही वेळ द्यावा. मात्र त्याचा थेंबही घर्षणाच्या पृष्ठभागावर राहता कामा नये, नाहीतर नवा क्लच पहिल्याच चढावर घसरेल. तुकडा थोडा वर असेल तर त्यावर नट ठेवून वेल्डिंगने जोडणे हा उत्तम उपाय. उष्णतेने गंजाची पकड सुटते, आणि बिडाला वेल्डिंग सहजी धरत नसल्यामुळे भोकाच्या कडा बहुधा वाचतात. त्यासाठी फ्लायव्हील उतरवलेलेच बरे.

ड्रिल करणे भागच पडले तर तोंड कानशीने सपाट करून अचूक मध्यावर पंच मारावा. डाव्या फिरकीचे ड्रिल मिळाल्यास तुकडा अर्ध्या वाटेतच फिरून बाहेर येण्याचा संभव असतो. आठ मिलिमीटरच्या बोल्टला चारचे भोक प्रारंभी पुरे. त्यात उलट आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालताना जोर बेताने लावावा. तो इतका कठीण पोलादाचा असतो की आत मोडला तर साधे ड्रिल त्याला ओरखडाही काढीत नाही. शेवटचा मार्ग म्हणजे भोक ६.८ मिलिमीटरपर्यंत वाढवून सव्वा मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा टॅप फिरवणे. लखनौचा मिस्त्री आट्यांना चूडी म्हणतो. आपल्याकडे आटे ‘जातात’, त्याच्याकडे चूडी ‘मरते’. नुकसान दोघांचे सारखेच.

क्लचच्या पोकळीतील काळी भुकटी हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि ती धूळ फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने ती टिपून घ्यावी. नंतर सगळेच बोल्ट नवे, त्याच लांबीचे व त्याच प्रतीचे घ्यावेत, हाताने पुरते फिरतात की नाही ते पाहावे, आणि उत्पादकाने सांगितलेल्या मापापर्यंत टॉर्क-पान्ह्याने समोरासमोर, थोडे थोडे आवळीत जावे.