मेयाबेश फिरतो, पण कपडे ओलेच

इथल्या हिवाळ्यात पाऊस लागला की मिरपेसेतमधल्या दोऱ्या निरुपयोगी होतात आणि सारा भार कपडे वाळविणाऱ्या मेयाबेशवर पडतो. नेमका तेव्हाच तो रुसतो. ड्रम फिरतो, आवाज येतो, पण दोन तासांनीही चादर ओलीच. 'हीटर जळाला' असे म्हणून आपण मोकळे होतो. हीटर जळतोही, परंतु आधी वाऱ्याची चौकशी करावी.

कोकणात श्रावणात चुलीजवळ कपडे टाकीत. खिडकी बंद असली, तर चूल पेटलेली असूनही ते कुबट राहत. उबेने पाणी उडते, पण वाफ बाहेर जायला नको का? मेयाबेशचेही तत्त्व तेच.

प्रथम प्लग काढावा. जाळीवरची लव प्रत्येक वेळी काढावीच. शिवाय कधीतरी जाळी नळाखाली धरून पाहावी. पाणी वरच साचले, तर कपडे मऊ करणाऱ्या द्रव्याचा थर बसला आहे असे समजून साबण व ब्रशने धुवावी. मग मागची जाड नळी पाहावी. ती भिंतीशी चेपलेली असते किंवा लवेने तुंबलेली. नंतर यंत्र सुरू करून नळीच्या बाहेरच्या तोंडाशी हात धरावा. चांगला झोत लागला पाहिजे. नळी नसलेल्या यंत्रात पाण्याची टाकी रिकामी करून, खालचा कंडेन्सर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे स्वच्छ करावा.

नळी तुंबली की गरम हवा आत कोंडते आणि हीटरजवळचा उष्णतेचा फ्यूज उडतो. ड्रम फिरतो, ऊब मात्र नाही. तेखनाई नवा फ्यूज बसवितो, नळी तशीच राहते आणि काही दिवसांनी पुन्हा तेच! तेव्हा फ्यूज का उडाला, हे त्याला विचारल्यावाचून पैसे देऊ नयेत. फ्यूज वगळून तार सरळ जोडू म्हणणारे 'जाणकार'ही भेटतात. त्यांना नम्रपणे चहा पाजून घरी पाठवावे. तो पहारेकरी गेला, तर लव पेटायला कितीसा वेळ लागणार?

हीटरचा मेयाबेश सुमारे २५०० वॅट घेतो, म्हणजे २३० व्होल्टवर जवळजवळ ११ अँपिअर. म्हणून लांबविलेल्या स्वस्त वायरीवर तो लावू नये. खाद्यतेलाने भिजलेली फडकी आत घालू नयेत. धुतल्यावरही तेल उरते आणि गरम ढिगात ते आपोआप पेटू शकते. शेवटी थंड हवा फिरते ती उगीच नव्हे. मध्येच यंत्र बंद करून गरम कपडे आत कोंबून ठेवू नयेत.

शुक्रवारी घाई असते, हे ठाऊक आहे. तरीही शेवटचा घाणा अशा बेताने लावावा की शब्बाथचे दिवे लावण्यापूर्वी यंत्र थांबलेले, कपडे बाहेर काढलेले आणि प्लग निघालेला असेल.