घूस आणि हळदीकुंकू बदक

गव्हास ओंब्या येऊ लागल्या की नरखेड तालुक्यातील शेतकऱ्याची दृष्टी बांधाकडे वळते. ताज्या मातीचा ढीग दिसला म्हणजे खाली घुशीचे बीळ आहे, हे पोरेही सांगतात. त्याच शिवारातील तळ्यांत व वर्धा नदीच्या डोहांत दाणे खाणारा दुसराही एक जीव राहतो. त्याच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे असून कपाळाशी दोन तांबडे ठिपके असतात, म्हणून त्यास हळदीकुंकू बदक म्हणतात.

दोघांसही पोहता येते. घूसही पाण्यास भीत नाही. परंतु घुशीचे पुढले दात जन्मभर वाढत असतात, म्हणून तिला सतत कुरतडावे लागते. शिवाय ती पोट भरून थांबत नाही; ओंब्या तोडून बिळातील कोठारात साठविते. बदकाच्या चोचीस आतून कंगव्यासारखे दाते असतात. त्यांतून पाणी गाळून ते शेवाळ, बी व गोगलगाई खाते. पडलेले दाणेही वेचते, पण साठवीत नाही.

पिलांचा भेद तर फारच मोठा. घूस सुमारे तीन आठवड्यांनी विते; पिले उघडी व आंधळी असतात. बदकी गवतात अंडी घालून सुमारे चोवीस दिवस उबविते. पिले मात्र डोळस व लवयुक्त निघतात आणि लवकरच आईमागे पाण्यात उतरतात.

मला घुशीचा कैवार घ्यावयाचा नाही. तिने केलेली हानी कोणास ठाऊक नाही? परंतु तिच्याकरिता बांधावर पसरलेले विषारी दाणे बदकही वेचते. झिंक फॉस्फाइड पोटातील आम्लाशी मिळताच प्राणघातक वायू उत्पन्न होतो, आणि तो घूस व पक्षी असा भेद करीत नाही. रानबदकाची शिकार तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने निषिद्ध आहे.

तर सायंकाळी सर्व बिळे मातीने बुजवावी. सकाळी जी उकरलेली दिसतील तेवढ्यांतच आत खोल आमिष घालून तोंड लिंपावे. उघड्यावर एक दाणाही ठेवू नये. मेलेल्या घुशी खोल पुराव्या. आणि बिळात शिरणारी धामण दिसली तर काठी उचलू नये. ती बिनविषारी असून तुमचेच काम करीत असते.