जागलीची बॅटरी

सौंसर तालुक्यातलं एक वावर. कडेला संत्र्याचा बगीचा, मधे हरभरा. थ्री फेज लाइन रात्री अकराला येणार, म्हणून मामा ओलितासाठी थांबलेत. पुण्याहून आलेला भाचा सोबतीला आहे, हातात नवीकोरी बॅटरी.

भाचा : मामाजी, डब्यावर दहा हजार ल्युमेन लिहिलंय!

मामा : डब्यावर लिहायला काय जातं? मार त्या निंबावर. आता सांग, धुऱ्यापलीकडे काय दिसतं?

भाचा : काहीच नाही. पण इथे जवळ तर लग्नाचा मांडव उजळलाय.

मामा : तेच तर. ल्युमेन म्हणजे एकूण उजेड. तो एका दिशेला किती जोरात जातो, ते कँडेलावर कळतं. आतली वाटी खोल आणि गुळगुळीत असली की उजेड बांधलेला जातो. तरी अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. म्हणून मी दोन ठेवतो : पाणी वळवायला डोक्याला बांधायची मंद, आणि लांब मारणारी ही जुनी.

भाचा : तिने बिबट्या दिसतो?

मामा : बिबट्या कुठला, त्याचे डोळे दिसतात. बुबुळाच्या मागे आरशासारखा पडदा असतो, उजेड आला तसाच परत पाठवतो. पण तू बॅटरी कमरेशी धरलीस. परतीचा उजेड बॅटरीकडेच जाणार, तुझ्या डोळ्यांत कसा येईल? कानाजवळ धर. आता हळू फिरव.

भाचा : मामाजी! दोन ठिपके... हिरवे!

मामा : ओरडू नको. शेजाऱ्याची गाय आहे, घंटी ऐक. रंगावर जाऊ नको, तो कोनाप्रमाणे बदलतो. ठिपके जमिनीपासून किती उंच, चालताना कसे हलतात, ते बघ. गवतात बारीक हिरव्या चांदण्या दिसतात ना? ते कोळी.

भाचा : परदेशात बंदुकीवर लाल बॅटरी लावून कोल्हे, कायोटी मारतात. लालच का?

मामा : बहुतेक जनावरांना लाल रंग नीट दिसत नाही, म्हणून बिचकत नाहीत. शिवाय आपली अंधाराला सरावलेली नजर मोडत नाही. सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, अन् पांढरा झोत ती क्षणात घालवतो. मीही डोक्याची बॅटरी लालवर ठेवतो, पण मारायला नाही, बघायला.

भाचा : आपल्याकडे चालायचं का कधी?

मामा : इंग्रजांच्या काळात सर्रास. 1926 मध्ये जिम कॉर्बेटने रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या रायफलीला बांधलेल्या बॅटरीच्या उजेडातच मारला. अन् गोळी सुटली तशी बॅटरीच विझली! तेव्हापासून नाही, पण मीसुद्धा खिशात जादा सेल ठेवतो. 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकारीला कृत्रिम उजेड वापरायला मनाई होती, मारलेल्या भक्ष्यावर येणाऱ्या मांसाहारी जनावरासाठी खास परवाना मिळायचा तेवढाच अपवाद. 1991 च्या दुरुस्तीत शिकारीचे परवानेच संपले. आता बिबट्या मारला तर तीन ते सात वर्षं कैद. बरं, ज्याला मारायचं नाही त्याच्या डोळ्यांत झोत रोखून कशाला उभं राहायचं? दिसला की झोत बाजूला घे, त्याला निघायला वाट दे, मग मोठ्याने बोलत मागे सरक. पाठ दाखवू नको, पळू तर मुळीच नको.

भाचा : मला वाटलं बॅटरी बघून पळतो तो.

मामा : कधी पळतो, कधी थांबून बघतो. गावाजवळचा बिबट्या उजेडाला सरावलेला असतो. अन् थंडीत धुकं पडलं की तोच झोत पांढरी भिंत होऊन आपल्यावरच परततो. तेव्हा बॅटरी खाली, कंबरेजवळ.

भाचा : आत्ताच तर कानाजवळ म्हणालात!

मामा : तेव्हा धुकं नव्हतं, बाबू. थांब. हरभऱ्यात काहीतरी हललं.

भाचा : मारतो... नाही, डोळे नाहीत. काहीच चमकत नाही.

मामा : चमकणार कसे? डुकराच्या डोळ्यांत तो पडदाच नसतो. पण घाटे खुडल्याचा आवाज येतोय. चांगला कळप दिसतो.

भाचा : मग काय करू?

मामा : बॅटरी राहू दे. तो पत्र्याचा डबा घे आणि वाजव.